फोटोतला चष्मा

चष्मेवाल्या काकांना माणूस दिसतच नाही, चष्मा दिसतो, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. कुणाकडेही जा, यांची नजर समोरच्याच्या नाकावर. "दांडी सैल झालीय, द्या इकडे," म्हणून खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढणार. फुकट, आणि न विचारता. लोक हसून घ्यायचे. लेकीने मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. तिचं तर चालणं, बोलणं, मैत्रिणी, नोकरी, सगळंच ते असं घट्ट करायला बसले होते. एके दिवशी शब्दाने शब्द वाढला. "बाबा, तुम्हाला माझ्यात चुकीशिवाय काही दिसतं का?" एवढं विचारून ती दुसऱ्या शहरात निघून गेली. काकांना उत्तर सुचलं, पण ती गेल्यावर. त्या उत्तराला काय चाटायचंय?

तेव्हापासून ती फक्त आईशी बोलते, तेही बाबांचा विषय काढायचा नाही या अटीवर. आईचा फोन साधा, बटणांचा. त्यावर फोटो कसला दिसतोय!

उरला दुकानातला कॉम्प्युटर. एका साइटवर लेकीचं नाव सापडलं आणि नावाशेजारी तिचा फोटो, शर्टाच्या बटणाएवढा. बाकीचं सगळं ओळखीपाळखीच्यांपुरतं राखलेलं. काका भिंग घेऊन पडद्याला नाक लावायचे, तर भिंगात नुसते रंगीत चौकोन. जन्मभर दुसऱ्यांना दिसायची सोय केली आणि स्वतःची पोर दिसेना, आता बोला!

शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाई स्टेपलर मागायला आल्या होत्या, त्यांनी हा खटाटोप पाहिला. "काका, भिंग कसलं लावता? ब्राउझरमध्ये टाकायला एक एक्स्टेन्शन मिळतं. फुकटंय." इथे-तिथे टकटक करून त्यांनी ते टाकूनही दिलं. "आता फोटोवर बाण नुसता आणून ठेवा. क्लिक करायचं नाही. आपोआप मोठा होतो."

"मी बघितलं ते तिला कळेल?"

"कुणाला काही कळत नाही."

काकांनी बाण ठेवला आणि लेक पडदाभर झाली. केस कापलेत. जराशी वाळलीय. काकांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाई समजूतदार, स्टेपलर न घेताच गेल्या.

मग रोजचं झालं. शटर वर केलं की आधी बाण, मग झाडलोट. लेकीने फोटो बदलला की त्या दिवशी गिऱ्हाइकावर खेकसायचंही ते विसरायचे.

पण जित्याची खोड! एका नव्या फोटोत त्यांना दिसलं, काचेतून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच आत सरकलीय. मायनस नंबर वाढला की असंच दिसतं. त्यात एका बाजूची नाकपट्टी गायब, चष्मा कललेला, उघडी तार नाकात रुतून लाल वण पडलेला. तिचा पहिल्यापासूनचा प्रत्येक चष्मा त्यांनी स्वतः बसवला होता, दुखतं का, दुखतं का, म्हणून तिला भंडावून. आता तो वण हातभर मोठा दिसत होता आणि हात काही पोचत नव्हता.

त्यांनी बायकोला गळ घातली. "तिला चष्म्याचं सांग."

"आणि तुला कसं कळलं म्हणाली तर? नको हो. माझ्याशी बोलते तेवढंही तुटायचं."

तिचंही खरंच होतं. काकांनी चार दिवस कळ काढली, पाचव्या दिवशी राहवलं नाही. त्या साइटवर निरोप पाठवता यायचा. "बाळा, कशी आहेस" असं लिहिलं. ते काही त्यांना आपलं वाटेना, म्हणून खोडलं. मग जे येत होतं ते लिहिलं. "चष्मा वाकडा बसतोय. नाकपट्टी बसवून घे. नंबरही वाढलाय, तपास." माया याहून वेगळी कशी लिहितात, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळी त्या बटणाएवढ्या गोलात लेक नव्हती, कुंडीतलं एक झाड होतं. निरोपाला उत्तर नव्हतं. काकांनी बाण ठेवला, झाड पडदाभर झालं, पानांवरची धूळसुद्धा दिसली. त्यांनी बाईंना हाक मारली. "यातून आधीचा फोटो परत आणता येतो का हो?"

"नाही काका. जे ठेवलंय तेच मोठं करतं ते."

दुपारी जेवायला घरी गेले, तेव्हा बायको नुकतीच फोन ठेवत होती. निरोपाचं तिला काही कळलं होतं की नाही, तोंडावरून समजेना. त्यांनी पाट-पाणी न बघता विचारलं, "चष्म्याचं काही म्हणाली?"

"चष्म्याचं? नाही बाई." तिने ताट पुढे सरकवलं. "हल्ली डोकं दुखतं म्हणाली. कामाने असेल म्हणे."

काकांना कारण माहीत होतं. ते खाली मान घालून जेवायला लागले.