आप्पांची जपानी तलवार

दाढेला लवंगेचं तेल लावलं, की मला अणदूरचे आप्पा आठवतात. मला कॉलेजात घालणारे हे माझे चुलते एकटेच राहत. ब्रह्मदेशच्या लढाईतून त्यांनी एक जुनी जपानी तलवार आणली होती. मी सुट्टीत तिथं असताना ती विकत घ्यायला पुण्याहून एक संग्राहक आले. आप्पांनी ती खंडेनवमीला घासतात तशी मूठ काढून चिंचेनं लख्ख घासली होती.

पाहुण्यांनी जपानी तलवारींना लावतात तसं पात्याला लवंगेचं तेल लावून ते निरखलं. "आप्पा, मुठीत दडलेल्या पात्याच्या गंजावरूनच हिचं वय कळतं, तोच तुम्ही घासून काढलात. आता नाही घेता येणार."

"नगा घेऊ. जेवून तर जावा. लढाईचं लई सांगायचं व्हतं."

"एसटी चुकेल."

आप्पांनी पाहुण्यांचं ताट माझ्यापुढं सरकवलं. सौदा मोडला म्हणून ते खट्टू झालेत, असं मला तेव्हा वाटलं. आता एकटा जेवायला बसलो, की वाटतं, लढाईबद्दल विचारेल असा माणूस त्यांच्या घरी पहिल्यांदाच आला होता.