भरलेली गाडी

नव्या रबराचा वास आला की मला बारामतीतलं ते टायरचं दुकान आठवतं. तेव्हा मी लोणी देवकरच्या कारखान्यात नवा होतो, इंदापुरात खोली घेऊन एकटाच राहत होतो. हौसेनं खाली बसवून बुटकी केलेल्या माझ्या जुन्या गाडीला त्या दुपारी रुंद अलॉय चाकं आणि नवे टायर बसवले. दुकानवाले तात्या हात पुसत म्हणाले, "मागं माणसं बसल्यावर टायर वर पत्र्याला घासतोय का, बघाय लागंल. तुमच्या संगं कोण हाय?" मी म्हणालो, "कुणी नाही, एकटाच आलोय." मग ते स्वतः, त्यांचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या घरच्या काकू आणि शेजारचा चहावाला मागं दाटीवाटीनं बसले. "आता थेट इंदापूरलाच चला, माझं म्हायेर हाय तितं," काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. स्पीडब्रेकर आला तसे आम्ही चौघं गप्प होऊन ऐकू लागलो. "न्हाय घासत!" तात्या ओरडले. मला मात्र अजून लांब जावंसं वाटत होतं. दुकानापाशी तिघं उतरले, तशी गाडी मागून हलकेच वर उचलली गेली. त्यानंतर इतक्या वर्षांत तिची मागची सीट पुन्हा कधी भरली नाही.