भागीरथाने धुतलेलं बदक

नवरा गेला आणि उमरेडच्या कोष्टीपुऱ्यातला भागीरथाचा माग बंद पडला. अर्धा जन्म सुताच्या कांड्या भरण्यात गेलेला. आता कांड्या भरायच्या कोणासाठी? शेवटी दिराने तिला नागपुरात आणलं आणि धरमपेठेतल्या मुलींच्या एका शाळेत झाडलोटीच्या कामाला लावलं. ही १९५३ सालची गोष्ट.

शाळेत प्रेमलताबाई विज्ञान शिकवायच्या. मुलींना जिवंत प्राणी दाखवावेत म्हणून त्यांनी मागच्या अंगणात दोन बदकं, चार ससे आणि एक कासव पाळलं होतं. त्यांचं दाणापाणी भागीरथाकडे आलं. मूलबाळ नसलेल्या त्या बाईचा जीव या मुक्या जनावरांत असा गुंतला, की सुट्टीच्या दिवशीही ती एक चक्कर मारून जायची.

त्या डिसेंबरात शाळा तपासायला साहेब येणार होते. भिंतींना चुना लागला, बाकं घासली गेली. भागीरथाने बदकांकडे पाहिलं. चिखलाने त्यांचा पांढरा रंग पार मळून गेला होता. मळकं सूत कसं पांढरं करायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने कोमट पाण्यात सोडा आणि साबण कालवला आणि दोन बदकांतल्या नराला पायापासून मानेपर्यंत खसखसून चोळलं. बदक कापसासारखं निघालं. कौतुकाने तिने त्याला अंगणातल्या हौदात सोडलं.

रोज होडीसारखं तरंगणारं ते बदक भिजलेल्या बोळ्यासारखं खाली बसू लागलं. पाणी मानेपर्यंत आलं, पंख फडफडले. भागीरथा लुगड्यानिशी हौदात उतरली आणि तिने त्याला उचललं. पिसं अंगाला चिकटली होती आणि जीव लटलट कापत होता.

क्षणभर तिच्या मनात आलं, सांगावं की आपोआप आजारी पडलं. नोकरी गेली तर जायचं कुठं? पण पदरात गुंडाळलेलं ते थरथरतं अंग छातीशी लागलं होतं. ती तशीच ओलेत्याने वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, माह्या हातून पाप झालं जी. मी याले सोड्यानं धुतलं."

"सोड्याने? काय म्हणून?"

"मले वाटलं, सुतावानी पांढरं होईन."

प्रेमलताबाई रागावतील असं साऱ्या वर्गाला वाटलं. त्यांनी मात्र आधी शेगडी पेटवायला सांगितली. बदक पुसून, ऊब देऊन टोपलीत ठेवल्यावर त्यांनी हौदाकाठी पडलेलं एक पीस उचललं आणि भागीरथाच्या हाती भिंग दिलं.

भागीरथा बराच वेळ पाहत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "हे तं विणकाम हाये जी! एका धाग्याले दुसरा धागा आकड्यानं धरून राहिला."

"अगदी बरोबर. बदक चोचीने ते आकडे जुळवतं आणि शेपटीजवळचं तेल पिसांना फासतं. म्हणून पाणी आत शिरत नाही आणि ऊब बाहेर जात नाही. तू ते तेल धुऊन काढलंस आणि वीणही विस्कटलीस."

तेरा दिवस तिने बदकाला हौदापासून दूर ठेवलं. साहेब येऊन गेले, एकच बदक पाहून गेले. चौदाव्या दिवशी नर पाण्यात उतरला आणि तरंगला. भागीरथा काठावर बसून लहान पोरीसारखी रडली.

मग तिला विचारायचा नादच लागला. सशाची लव थंडीत दाट काहून होते? बेडूक ओलसर काहून? बेडूक कातडीनेही श्वास घेतो आणि कोरडा पडला की मरतो, हे कळल्यावर मुलींनी रुमालात बांधून आणलेला बेडूक ती आधी ओल्या फडक्यात घ्यायची. "कोरड्यात ठेवू नका वं, गुदमरते तो."

१९५८च्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाला ती उमरेडला गेली. शेताच्या बांधावर लोक काठ्या घेऊन जमले होते. मधे खवल्या-खवल्यांचा एक गोळा पडला होता. अंगभर खवले असलेलं असं जनावर कोणी पाहिलं नव्हतं. अवदसा आहे, मारा, असा गलका चालला होता. भागीरथाने असा प्राणी शाळेतल्या तक्त्यावर पाहिला होता. ती गर्दीत घुसली.

"थांबा गा! काहून मारता त्याले? खवल्या मांजर हाये ते. तोंडात दात नाही त्याच्या, मुंग्या खाते. तुमच्या भेवानं गोळा झालं."

"तुले काय माहीत वं?" पोलीसपाटील नत्थूजीने दरडावलं.

"शाळेत शिकली मी," ती म्हणाली. बोलता बोलता ती त्या गोळ्यापुढे मांडी घालून बसली. बाईमाणसावर काठी कोण उगारणार? एकेक जण पांगला.

दिवस कलल्यावर गोळा हळूच उलगडला. लांबुळकं तोंड बाहेर आलं, हुंगलं आणि ते जनावर नाल्याकडच्या झुडपांत शिरलं. नत्थूजी तेवढा थांबला होता. त्याने काठी खाली ठेवली आणि विचारलं, "भागीरथाबाई, शाळेत अजून काय काय शिकवते जी?"