सापाला घाबरणारी मुलगी

लग्नानंतर नाशिकहून चेन्नईला आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पुढे इतकं येऊ लागलं की मैलापुरातल्या एका बालपुस्तकांच्या प्रकाशनात मी तमिळ पुस्तकांचे मराठी अनुवाद करू लागले. ती नोकरी मला मनापासून आवडायची. ती का सोडली, हे अजूनही मला शांतपणे सांगता येत नाही.

चेंगलपट्टूकडच्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी आमच्याकडे गोष्ट पाठवली होती. बाई इरुळर समाजातल्या. इरुळर म्हणजे साप पकडणारे आदिवासी, एवढंच शहराला माहीत असतं, आणि गोष्ट नेमकी त्यावरच होती. शाळेच्या प्रयोगशाळेत साप निघतो. मुख्याध्यापकांसकट सगळे वर्गातल्या इरुळर मुलीकडे बघतात. तर तीच सगळ्यांच्या आधी टेबलावर चढलेली, कारण सापाच्या नुसत्या नावानं तिला घाम फुटतो. मग अख्खी शाळा टेबलांवर, आणि साप आपला खिडकीतून निघून जातो. वाचताना मी ऑफिसात एकटीच हसत सुटले. घरी लेकीला वाचून दाखवली, तर तिनं लगेच पुन्हा वाचायला लावली.

काही महिन्यांनी चित्रं आली. मुलीच्या अंगावर गणवेश नव्हता. कमरेला पानं, गळ्यात मण्यांच्या माळा, केसांत पीस. शाळेच्या जागी झोपडी. शेवट बदललेला: मुलगी दोन्ही हातांनी साप उंच धरून हसत उभी. मुखपृष्ठावर ‘एक आदिवासी लोककथा’, आणि खाली ‘पुनर्कथन’ म्हणून शहरातल्या एका नावाजलेल्या लेखिकेचं नाव. बाईंचं नाव शेवटच्या पानावर, आभारात.

हे सगळं दाखवायला आमच्या संपादकांनी बाईंना बोलावलं, आणि मलाही बसवून घेतलं. संपादक सुसंस्कृत माणूस. त्यांनी बाईंसाठी कॉफी मागवली, प्रवास कसा झाला ते विचारलं. उद्धट असते तर मला इतका राग आला नसता.

बाईंनी पानं सावकाश उलटली आणि शेवट का बदलला ते विचारलं.

“आदिवासी मुलगी सापाला घाबरते, हे वाचकांना पटायला हवं ना,” संपादक म्हणाले.

“मी घाबरते, सर.”

ते हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ‘लोककथा’ या शब्दावर बोट ठेवलं. संपादकांनी समजावलं की त्यात साऱ्या समाजाचा मान आहे, अशा गोष्टी कुणा एकाच्या नसतात.

“ही गोष्ट मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिली,” बाई म्हणाल्या. “माझ्या आजीनं ती कधी ऐकलेली नाही. तुमच्या लोकांच्या गोष्टीवर त्यांचं नाव असतं. माझ्या गोष्टीवर मात्र साऱ्या समाजाचं?”

त्यांनी आपलं हस्तलिखित उचलून पिशवीत घातलं आणि कॉफी तशीच ठेवून निघून गेल्या. करारावर अजून सही झालेली नव्हती, म्हणून पुस्तक थांबलं, नाहीतर छापून मोकळे झाले असते. हे असलं मराठीत मी आणणार नाही, असं मी संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, भावनिक होऊ नका. ज्यांची गोष्ट हिरावून घेतली त्या बाई शांतपणे उठून गेल्या होत्या, आणि भावनिक कोण, तर मी. त्याच महिन्यात मी राजीनामा दिला.

पुढे बाईंच्या तालुक्यातल्या शिक्षकांनी मिळून ते पुस्तक काढलं. चित्रं शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी काढली. मुलगी गणवेशात, दोन वेण्यांना रिबिनी, आणि टेबलावर. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव ठळक. मी त्यांना विचारून मराठी अनुवाद केला आणि पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवला. तिकडे तरी नीट वाचतील असं वाटलं होतं.

त्यांचा फोन आला तेव्हा मी अण्णा नगरच्या मेट्रो स्टेशनबाहेर उभी होते. गोष्ट गोड आहे, पण यात आदिवासी जीवन कुठे दिसतं, असं त्यांनी विचारलं. थोडं जंगल, एखादा सण, जमल्यास नाच घालता येईल का?

“ती मुलगी शाळेत जाते. ते जीवन नाही का?” मी म्हणाले.

“तसं नव्हे हो, ताई,” ते म्हणाले. मी फोन ठेवला. आपली भाषा, आपली माणसं, आणि तीच पानं, तेच पीस.

संध्याकाळी बाईंना हे सांगितलं तर त्या मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, “अक्का, माझ्या पुढच्या गोष्टीतही जंगल नाही. ती पोस्टातल्या रांगेत घडते.” त्यांनी हे आयुष्यभर ऐकलंय, म्हणून त्या हसू शकतात. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो, आणि तो शांत व्हावा असं मला मुळीच वाटत नाही.