सटीच्या भरितातलं मीठ

आमच्या घरात आषाढी एकादशीला वांगं बंद होतं, ते थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला सुटतं. आम्ही तिला नुसतं सट म्हणतो. मधल्या महिन्यांत परसातली वांग्याची झाडं लगडून जातात आणि आम्ही ती वांगी टोपल्यानं शेजारीपाजारी वाटत फिरतो. धारूरच्या डोंगराकडेला मेंढरं पाळणाऱ्या आमच्या घरांत हे असंच चालत आलंय. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. लग्न होऊन आले त्या पहिल्या श्रावणात मला स्वप्नातसुद्धा भरली वांगी दिसायची.

सासूबाई मागच्या वर्षी श्रावणात गेल्या. दुखण्याचं नाव नाही, सकाळी मेंढरांना पाणी दाखवलं आणि दुपारी त्या नव्हत्या. त्या वर्षी सट झाली नाही; दुःखाच्या वर्षात सण कोण करणार? सट न होताच आम्ही बाकीच्यांनी पौषात हळूच वांगं खायला सुरुवात केली. सासऱ्यांनी नाही केली. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा म्हणाले, "देवाला दावल्याबिगर मी न्हाई खात. तुमी खा." पुढं पुन्हा आषाढी आली. ज्या माणसाला वांग्याइतकं जगात काही आवडत नाही, त्यानं दोन पावसाळे वांग्याला तोंड लावलं नाही.

आणि नुसतं वांगंच नाही. अर्धी भाकरी झाली की मामा हात धुवायचे. पाहुणे म्हणायचे, वय झालं. वय एका श्रावणात होतं का? मी चिडायचे. काळजी वाटली की लोक गप्प होतात, मी भांडते. "मामा, भाकरीवर राग कावून?" असं मी रोज विचारायचे आणि ते रोज "पोट भरलं गं" म्हणून उठायचे. त्यामुळं यंदाच्या सटीला देवाकडं माझं मागणं एकच होतं. मामांनी पोटभर जेवावं.

सकाळीच परसातली वांगी तोडली. पीठ आमच्याच बाजरीचं, पातीचा कांदा आणि मिरच्या विहिरीजवळच्या वाफ्यातल्या, लसूण आढ्याला टांगलेल्या पेंडीतला, शेंगदाणे मागच्या रानातले. मीठ तेवढं केजच्या बाजारातलं. अंगणात गोवऱ्या पेटवल्या, चांगला आर पडल्यावर त्यात वांगी खुपसली आणि बाजूला बाजरीचे जाड रोडगे भाजायला घातले. वांग्याची साल तडकली तसा वास घरभर गेला. उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या मामांचे हात मिनिटभर थांबले. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. माझ्याकडून हेही काही कमी नव्हतं.

खरी पंचाईत मिठाची. देवाला दाखवायचं भरीत आधी चाखायचं नाही, उष्टं होतं. जिभेवर न ठेवता अंदाजानं मीठ टाकायचं आणि वर घरोघरी प्रसाद गेला की पन्नास माणसांच्या भावकीनं नावं ठेवता कामा नयेत. सासूबाईंच्या भरिताची तर ख्याती होती. न चाखता इतकं नेमकं मीठ, म्हणून बाया तोंडात बोटं घालायच्या. एकदा मी त्यांना प्रमाण विचारलं होतं. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "इल तुला बी." आता त्या नव्हत्या. मी आत, मामांच्या पाठीमागं, भरीत परातीत कुस्करलं, मूठ भरली, थोडं मीठ परत डब्यात सोडलं, उरलेलं देवाचं नाव घेऊन टाकलं आणि नीट कालवलं. मग म्हणाले, "मामा, मी रोडगे बघून येते."

परत आले तेव्हा मामा तिथंच बसले होते, पण चेहरा कसा उजळला होता. मला वाटलं, वांग्याचा वास लागू पडला.

देवापुढं नैवेद्य दाखवला. मामा, आमचे मालक आणि शेजारचे तिघे अशा पाच जणांनी येळकोट म्हणत तळी उचलली, भंडारा उधळला. देवाचं जनावर म्हणून पहिला घास कुत्र्याला टाकला. त्यानं तो गिळला आणि तडक जनावरांच्या हौदावर जाऊन पाणी प्यायला लागलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शेजारी आपापल्या सटीला घरी गेले आणि आम्ही जेवायला बसलो. मालकांनी घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण माझा स्वभाव माहीत असल्यानं बिचारे म्हणाले, "झ्याक झालंय," आणि तांब्या तोंडाला लावला. मी बोट चाटून बघितलं. नुसतं मीठ होतं.

"एवढं टाकलंच नव्हतं मी!" मी ओरडले. वर्षाचा सण, मामांचा दोन पावसाळ्यांचा उपास, आणि माझ्या हातानं त्याची माती झाली होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

मामांचा घास हातातच थांबला होता. त्यांनी तो ताटात ठेवला.

"तू टाकलतं व्हय मीठ?"

"मग? दुसरं कोण टाकणार?"

"मी टाकलं की," मामा हळूच म्हणाले. "सटीचं मीठ माजंच असतं. पयल्या साली तिचं अळणी झालतं, माजी आय लई बोलली तिला. तवापासून ती घाबरायची. 'मी रोडगे बघून येते' म्हणायची अन् भायेर जायची. तवर मी टाकायचो. कुणाला ठावं नव्हतं. तू बी तसंच म्हणलीस. मला वाटलं, तिनं तुला सांगून ठिवलंय."

मामा माझ्याकडं बघत होते. त्यांचा घास ताटात तसाच पडलेला.

"न्हाई सांगितलं तिनं?"

मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. चूक माझी असली तरी कबूल करायला मला आठवडा लागतो.

"सांगितलं होतं मामा," मी म्हणाले. "धा डाव सांगितलं होतं. 'मीठ त्यांच्यासाठी ठेव' म्हणाल्या होत्या. गडबडीत मीच इसरले."

सासूबाईंनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. आणि हे मी सटीच्या दिवशी, देवाच्या पुढ्यात बोलत होते.

"तरीच," मामा म्हणाले. मग हसले, सगळा चेहरा हसला. "ती म्हणायचीच, पोरगी बोलती लई अन् ऐकती कमी."

ते स्वतः उठले, चार वांगी घेतली आणि आरात खुपसून उकिडवे बसले. साल काढून गरम गरम वांगी परातीत कुस्करली आणि खारट भरितात मिसळली. आता चाखायला मोकळीक होती, तरी चाखलं नाही. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. मी पुढ्यात बसून राहिले, माझं ताट तसंच.

रोडगा संपला. मामांनी हात धुतले नाहीत.

"अजून एक वाढ," म्हणाले.