मामांची मगर

आमच्या मामांइतका तळ्याचा अभिमान खुद्द तळ्यालाही नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून विरार पूर्वेच्या आमच्या मोठ्या तळ्याची पूर्णवेळ नोकरी त्यांनी आपण होऊन पत्करली आहे. घरी कोणीही येवो, चहाच्या आधी तळं दाखवायचं हा त्यांचा शिरस्ता. धाकट्या भाचीला बघायला पुण्याहून मंडळी आली, तर रिक्षातून उतरल्या उतरल्या मामांनी त्यांना परस्पर काठाकाठाने फिरवायला नेलं. मुलाच्या वडिलांचा एक बूट चिखलात रुतून बसला. मुलाची आई शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, "अहो, पण मुलगी कुठे आहे?" मामा शांतपणे म्हणाले, "मुलगी घरातच हाय, ती कुठं उडून जाते? ही अडई बदकं मातुर आता उडतील." लग्न जमलं. ते व्याही मात्र त्यानंतर विरारला येताना चपला घालून येतात.

मामांच्या गळ्यात एक दुर्बीण असते. तिचा एक डोळा फुटलेला आहे. दुरुस्त का करत नाही असं विचारलं, तर "पक्षी एकच असतो, त्याला दोन डोळे कशाला?" असा उलट सवाल येतो. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्यांना मंजूर नाहीत. पंख पसरून उन्हात उभा राहणारा पाणकावळा म्हणजे वकीलसाहेब. तासन्‌तास काहीही न करता एका जागी उभा राहणारा बगळा म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. आणि जांभळी पाणकोंबडी म्हणजे वहिनी. "बघा, लुगडं भिजू नये म्हनून पाय कशी उचलून टाकते!" तळ्याच्या कडेला पाणकणसांचं, म्हणजे पुरुषभर उंच पाणगवताचं, दाट बेट आहे. वहिनी दर वर्षी त्यात घरटं करते आणि तेवढे दिवस मामांचं घरात लक्ष नसतं. मामी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "माझी दोन बाळंतपनं झाली तवा हे हापिसात होते. कोंबडीच्या बाळंतपनाला मातुर रजा काढल्यासारखे बसतात."

हे बेट हाच मामांचा जीव की प्राण होता आणि नेमकी त्याच बाजूला गाडी उतरायला सोयीची जागा होती. तिथे रिक्षा धुतल्या जायच्या, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट तळ्यात पडायचं आणि फुलपाड्याच्या नव्या इमारतींमधून निघालेला राडारोडा टेम्पोने येऊन रिकामा व्हायचा. मामांनी अर्ज केले, पाट्या लावल्या, भांडणं केली. शेवटी एका सकाळी चहाच्या टपरीवर, बिस्किट बुडवता बुडवता, ते सहज म्हणाले, "आज मगर बघितली. कनसांच्या बाजूला."

मी त्यांना घरी येऊन चांगलंच ऐकवलं. या वयात खोटं बोलणं शोभतं का, वगैरे. मामा म्हणाले, "जावईबापू, पाटी लावून कोन ऐकत नाय. मगरीचं ऐकतात." आणि खरंच ऐकलं. रिक्षावाल्यांनी ती बाजू सोडली, टेम्पो दुसरीकडे वळले आणि लोक निर्माल्याच्या पिशव्या शेजारच्या सोसायटीच्या कुंपणावरून आत टाकू लागले. वहिनी घरट्यावर निवांत बसली. मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो त्यांना पेन्शन सुरू झाली तेव्हाही दिसला नव्हता.

पण आपल्या लोकांना भीती फार दिवस पुरत नाही. तिची लवकरच सहल होते. कळंबच्या समुद्रावर निघालेल्या गाड्या रविवारी वाट वाकडी करून आमच्या तळ्यावर येऊ लागल्या. मक्याची कणसं भाजणारे आले, पाणीपुरी आली, हिरवे फुगे आले. एका होतकरू पुढाऱ्याने 'मगर दर्शन' असा फलक लावला. त्यावर त्याचा आणि मगरीचा फोटो शेजारी शेजारी होता आणि दोघेही सारखेच हसत होते. मग त्यानेच जाहीर केलं, की जनतेला मगर नीट दिसावी म्हणून पाणकणसं कापून तिथे काँक्रीटचा कठडा बांधला जाईल. कापायची माणसं येत्या रविवारी येणार होती. घरट्यात पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती.

मामांची पाचावर धारण बसली. रविवारी सकाळी ते गर्दीपुढे उभे राहून ओरडले, "मगर नाय! मी खोटं बोललो!" कोणी विश्वास ठेवील तर शपथ. "तुम्हाला दिसली नसेल, काका," एकाने समजूत काढली, "वय झालं की होतं." चंदनसारच्या एका बाईंनी तर मगरीची पिल्लंही पाहिली होती. त्या म्हणाल्या, "अहो, मी स्वतः चपाती टाकली, तिने खाल्ली!" पुढाऱ्याची माणसं कोयते घेऊन काठावर आलीच होती.

तेव्हा मामांनी दुर्बीण माझ्या हातात दिली, धोतर वर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरले. मामी किंचाळल्या, "अवो, गुडघा दुखतो म्हनून देवळाची पायरी चढत नाय, आनि तिकडं कुठं चाललात!" मामा कमरेइतक्या पाण्यात, कणसांच्या बेटापुढे, गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. लोकांनी मोबाइल वर धरले. पहिल्यांदा सगळे घाबरले, मग वाट बघू लागले, आणि बराच वेळ मामांना कोणीच खात नाही असं दिसल्यावर चक्क हिरमुसले. दुपारपर्यंत गर्दी पांगली. पुढच्या आठवड्यात फलक उतरला आणि कठड्याचं कोणी नावही काढेना. वहिनीची पिल्लं वाचली. मामांना ताप आला, पण त्या तापातही ते खूश होते.

आता मात्र मगर गेल्याचं सगळ्या विरारला ठाऊक झालं आहे. परवा संध्याकाळी मी आणि मामा काठावर बसलो होतो, तर राडारोड्याने भरलेला एक टेम्पो उलटा उलटा कणसांपाशी आला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, इथे ती मगर होती ना? गेली ना पण?"

मामा गुडघ्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिले. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "काल बघितली मी. तिथेच."

ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसला. "काय साहेब, तुम्ही पण!" म्हणाला आणि त्याने टेम्पोचा मागचा भाग उचलला. विटा, लाद्या, प्लास्टरचे तुकडे धडधडत कणसांवर पडले. वहिनी तुरुतुरु बाहेर आली आणि पिल्लांना घेऊन उघड्या पाण्याच्या दिशेने निघाली. टेम्पो निघून गेला, धूळ बसली, तेव्हा मामांनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला.

"केवढी होती?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"मोठी होती," मामा म्हणाले.

या तळ्यात खरोखरच एक मगर असायला हवी होती, असं मला त्या संध्याकाळी फार वाटलं.