काउंटेस आणि चौदा पिढ्या

काउंटेस रागवायच्या त्या चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर. "त्या गाढवानं शत्रूला वेस उघडून दिली!" म्हणत चमचा आपटायच्या आणि पॉरिज माझ्या अंगावर उडायचं. गाढव म्हणजे त्यांच्या घराण्यातले पाचवे काउंट.

इंग्लंडात, ब्रिस्टलच्या वृद्धांच्या केअर होममध्ये मी त्यांचं सगळं करायचे. इटलीतल्या जुन्या सरदार घराण्याचं आडनाव लावणाऱ्या त्या शेवटच्या. स्टाफनं थट्टेनं काउंटेस म्हणायला सुरुवात केली, पण त्या खरंच काउंटेस होत्या.

माझी शाळा नववीत सुटली. कुणी काय खाल्लं, कोण कसं झोपलं, या रोजच्या नोट्स इंग्रजीत लिहायच्या म्हटलं की मी शब्दाशब्दाला अडायचे. त्यांनी ते ओळखलं. "आमचे तिसरे काउंट सहीच्या जागी फुली मारायचे. सात गावांवर राज्य केलं. तू तर वाक्यं लिहितेस! दाखव." रोज तपासून द्यायच्या. माझी नोकरी त्यामुळे टिकली.

एकदा म्हणाल्या, "तुझ्या घराण्याचं सांग."

"पणजोबांच्या मागचं नाव कुणालाच माहीत नाही, मॅडम."

"सुखी माणसं. गुपचूप मेली."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. सातव्या काउंटची बायको नवव्याला द्यायला लागल्या, आणि चूक कळली की घाबरायच्या. "लिही. माझ्यानंतर हे कुणाकडेच नाही." मी वही आणली. इटालियन नावांची स्पेलिंगं कुठून येणार? कानाला ऐकू येईल तसं, त्यांचं इंग्रजीही, मराठी अक्षरांत लिहीत गेले. चौदा पिढ्या. पूर्ण व्हायला हिवाळा लागला.

त्या गेल्या तेव्हा माझी सुट्टी होती. मिलानहून भाचा आला. वही उघडून बघतच राहिला. "हे वाचणार कोण?"

"मी."

त्यानं फोनवर रेकॉर्डिंग लावलं. मी वाचलं. लढाया, लग्नं, प्लेगमध्ये गेलेली पोरं. आवाज सपाट येत होता, बस स्टॉपची नावं वाचावीत तसा. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"आणि मावशी?" तो म्हणाला.

स्वतःबद्दल त्यांनी एक ओळही सांगितली नव्हती. फोन चालूच होता. मी वही मिटली आणि मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "त्यांना चहा गार करून लागायचा. डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. अंघोळीला रोज नाही म्हणायच्या, मग पाण्यात गाणं म्हणायच्या."

त्यानं विचारलं, "कुठलं गाणं?"

मला शब्द येत नव्हते. मी चाल गुणगुणले.